एकास चोवीस

बाबा पोलीस खात्यात चालक होते. अकोला जिल्ह्यात तेहतीस वर्षे त्यांनी खात्याच्या गाड्या चालवल्या. सुरुवातीला महिंद्राची जीप, मग मोठी व्हॅन आणि शेवटी बोलेरो. २०१९च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी गाडीची चावी आणि लॉगबुक सुपूर्द करून ते ऑटोने घरी आले. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ एवढे त्यांच्या हातात होते. त्या गाडीसोबत त्यांचा एकही फोटो नाही.

दोनेक वर्षांनी गाडीचे निर्लेखन झाले. निर्लेखन हा सरकारी शब्द मला फार नेमका वाटतो. वापरातून बाद झालेली वस्तू जमा-खात्यातून काढायची, म्हणजे लेखातून पुसायची. मग लिलाव होतो, भंगारवाला पत्रा कापतो आणि सगळे संपते. आता तर १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणीच चालू ठेवता येत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची काही विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. राजांच्या तोफा आणि संस्थानिकांच्या मोटारी संग्रहालयात जातात. तालुक्याच्या रस्त्यावर रात्रभर फिरणारी गस्तीची गाडी कुणी जपून ठेवत नाही.

मी आयटीआयमध्ये यांत्रिक आरेखन शिकवतो. पट्टी, कोनमापक आणि टोकदार पेन्सिल हा माझा धंदा आहे. म्हणून ठरवले की बाबांच्या गाडीची मापबरहुकूम प्रतिकृती करायची. सुट्ट्या आणि रात्री मिळून चौदा महिने लागले. हा लेख त्या कामाचा हिशेब आहे. काम संपता संपता एक पेच आला, तो शेवटी सांगतो.

खेळणे आणि प्रतिकृती

टिळक रोडवरच्या खेळण्यांच्या दुकानात पोलिसांची गाडी मागितली तर मिळते. मागे ओढून सोडली की पळते, बटण दाबले की सायरन वाजतो. पण तिची चाके पत्र्याच्या मानाने मोठी असतात, छप्पर बुटके असते आणि दारावर इंग्रजीत नाव असते. हा दुकानदाराचा दोष नाही. खेळण्याचे माप मुलाच्या हातावरून आणि खोक्यावरून ठरते. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३पासून ज्या मॅचबॉक्स गाड्या काढल्या, त्यांची गोष्ट नावातच आहे. आगपेटीसारख्या डबीत मावायला हवे, ही पहिली अट होती. त्यामुळे बस आणि मोटार दोन्ही एकाच डबीएवढ्या होत.

प्रतिकृतीचे उलटे असते. आधी प्रमाण ठरते, आकार त्यातून निघतो. ही प्रमाणे कुठून आली हे पाहण्यासारखे आहे. संग्राहकांत सर्वाधिक चालणारे १:४३ हे रेल्वेच्या खेळण्यातून आले. ‘ओ’ गेजच्या गाड्यांत एका फुटाला सात मिलिमीटर धरत, म्हणजे साधारण साडेत्रेचाळीसपट लहान. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३०च्या दशकात आपल्या हॉर्नबी रेल्वेच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला छोट्या मोटारी काढल्या. त्यांचेच पुढे डिंकी टॉइज झाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि निकी टॉइज नावाने आपल्याकडेही तशा गाड्या निघाल्या. १:२४ हे फूटपट्टीचे अपत्य आहे. एका फुटाला अर्धा इंच. घर बांधणाऱ्यालाही ते तोंडपाठ असते.

मी एकास चोवीस घेतले. बोलेरोची रुंदी १,७४५ मिलिमीटर, उंची १,८८० आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर २,६८०. चोविसाने भागले की ७२.७, ७८.३ आणि १११.७. गाडी ओंजळीत मावते, तरी दाराची कडी दाखवण्याइतकी मोठी राहते.

भागाकार सोपा आहे. त्याचे परिणाम सोपे नाहीत. लांबी चोवीसपट कमी झाली की क्षेत्रफळ ५७६पट कमी होते आणि आकारमान १३,८२४पट. सोळाशे किलोंच्या आसपासची गाडी या हिशेबाने सव्वाशे ग्रॅमही भरत नाही. एक मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक खऱ्या गाडीत चोवीस मिलिमीटरचा पत्रा होईल. असा पत्रा चिलखती गाडीला असतो. म्हणून दिसणारी प्रत्येक कड आतून तासून सुरीच्या धारेसारखी करावी लागते. दार आणि चौकटीतली पाच मिलिमीटरची फट ०.२ मिलिमीटरची होते. ती कापता येत नाही, सुईने ओरखडावी लागते. काचेसाठी मात्र जुन्या ओएचपीची पारदर्शक शीट कामी आली. वर्गात शिकवायला घेतलेल्या त्या शीट प्रोजेक्टर आल्यापासून कपाटात पडून होत्या.

माप कुठून आणायचे

पोलीस ठाण्याच्या आवारात टेप घेऊन गाडीभोवती फिरणे शहाणपणाचे नाही. त्याची गरजही नव्हती. बोलेरो २०००मध्ये बाजारात आली आणि वऱ्हाडात ती कुणाच्या दारात नाही? बाजार समितीतला अडत्या, सरपंच, ठेकेदार, लग्नाची वरात, सगळे तिच्यातच. गस्तीच्या गाडीचा सांगाडा आणि सरपंचांच्या गाडीचा सांगाडा एकच. आमच्या गल्लीतल्या काकांची बोलेरो मी तीन रविवार मोजली.

पद्धत जुनीच आहे, गवंड्याची. गाडी सपाट फरशीवर उभी करायची. प्रत्येक कोपऱ्यावरून ओळंबा सोडायचा आणि खाली खडूने खूण करायची. गाडी बाजूला घेतली की जमिनीवर तिचा आराखडा उरतो. उंच्या वेगळ्या घ्यायच्या. बॉनेटचा आणि चाकावरच्या कमानीचा बाक पुठ्ठ्याचे साचे कापून जुळवायचा. बोलेरो बहुतेक सपाट पत्र्यांची, खोक्यासारखी गाडी आहे. तिच्या घराण्यात जीप आहे. १९४५मध्ये लुधियानात महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी त्याच सुमारास सुरू झाली. तो सरळसोट पत्रा बोलेरोपर्यंत आला, तशी भाषाही आली. आमच्याकडे आजही बोलेरो आली तरी लोक ‘पोलिसांची जीप आली’ असेच म्हणतात.

सांगाडा मिळाला. पण बाबांची गाडी सरपंचांची नव्हती. पोलिसांची गाडी पोलिसांची होते ती वर चढलेल्या थरामुळे: दिवा, अक्षरे, वायरलेसची काठी, मागच्या बाकावरच्या ढाली. हा थर दर दोन-चार वर्षांनी बदलतो. म्हणून ‘पोलिसांची बोलेरो’ अशी गाडी जगात नसते. अमुक दिवशीची अमुक गाडी असते.

तारीख

प्रतिकृती करणाऱ्याने कागदावर पहिली ओळ तारखेची लिहावी, असे माझे मत झाले आहे. तारीख नसेल तर चुका दिसतच नाहीत. तारीख लिहिली की एकेक वस्तू साक्षीला उभी राहते.

लांबी घ्या. आधीची बोलेरो ४,१०७ मिलिमीटरची होती. चार मीटरच्या आतल्या, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांना कर कमी बसे. २०१६मध्ये लहान इंजिनाची बोलेरो आली ती ३,९९५ मिलिमीटरची. कापलेले ११२ मिलिमीटर मुख्यतः बंपरमधले. एकास चोवीसमध्ये हा फरक पाऊण बोटाचाही नाही, ४.७ मिलिमीटर. पण कराच्या कायद्याने कापलेले ते माप चुकले की गाडीचे वर्ष चुकले.

दिवा घ्या. १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. पोलीस, अग्निशमन यांसारख्या तातडीच्या सेवांना लाल, निळ्या, पांढऱ्या रंगांचा दिवा राहिला. दारावरचा क्रमांक घ्या. महाराष्ट्रात ११२ ही सेवा २०२१मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या गाडीवर १०० हवा. ११२ आली तशी गाडीत पडद्याचे यंत्रही आले, म्हणून आधीच्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते नको. नंबर प्लेट घ्या. होलोग्रामची उच्च सुरक्षा पाटी १ एप्रिल २०१९पासून नव्या वाहनांना सक्तीची झाली. बाबांची गाडी २०१३ची, एमएच-३० मालिकेतली, तिला साधी पाटी. पाटी ५०० बाय १२० मिलिमीटर म्हणजे माझ्याकडे २०.८ बाय ५. अक्षरांची उंची ६५, म्हणजे २.७, रेघेची जाडी १०, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी.

माझ्याकडे त्या गाडीचा एकच फोटो होता, तोही चुकून निघालेला. २०१८च्या पोळ्याला मामेभावाने सजवलेल्या बैलजोडीचा फोटो काढला. तोरणाच्या पलीकडे, झूल आणि शिंगांच्या मधून, बंदोबस्ताला उभी असलेली बाबांची बोलेरो मागच्या डाव्या कोपऱ्यातून दिसते. तारीख मिळाली. मी वहीत लिहिले: पोळा, २०१८.

तीन अक्षरे

सर्वांत जास्त वेळ ‘पोलीस’ या शब्दाने खाल्ला. बाहेरून मागवलेल्या अक्षरपट्ट्यांत ‘पुलिस’ असते. ते हिंदी. मराठीत पहिले अक्षर ‘पो’ आणि ‘ली’ दीर्घ. शब्दाला प्रत्यय लागला की उपान्त्य दीर्घाचा ऱ्हस्व होतो, म्हणून ‘पोलीस’ पण ‘पोलिसांची’. दारावर एकटा शब्द असतो, तेव्हा दीर्घच. दुसऱ्या राज्याची वेलांटी दारावर आली की गाडी अकोल्याची राहत नाही.

आमच्या रेडियमवाल्याने हौसेने प्रयत्न केला. त्याच्या यंत्राची सुरी सहा मिलिमीटर उंचीचा ‘स’ कापते, पण ‘पो’ची मात्रा फाटते आणि ‘ली’ची वेलांटी कागदासोबत उचलून येते. रोमन अक्षरे सुटी असतात, एक बिघडले तर दुसरे लावता येते. आपली अक्षरे शिरोरेघेला टांगलेली; एक हलले की शब्द हलतो. शेवटी शब्द पातळ डेकल कागदावर छापून, पाण्यात सोडवून, ब्रशने दारावर सरकवून बसवला. महाराष्ट्र पोलिसांचा पंचकोनी तारा आणि ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीदही तसेच. या आकारात ब्रीद वाचता येत नाही. तरी ते लिहिले आहे, कारण खऱ्या गाडीवरही ते लांबून कोण वाचतो? असते एवढे माहीत असते.

उन्हाळा, रंग आणि काळी माती

रंगकामाच्या पुस्तकांतले हवामान अकोल्याला लागू पडत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना एअरब्रशमधून सुटलेला रंग गाडीवर पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. टिनाच्या छताखाली ठेवलेले माझे पहिले छप्पर एका दुपारीत वाकले. पावसाळ्यात उलटे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर धुरकट साय येते. मग दिवाळीनंतरच्या कोरड्या, गार सकाळी काम पुरे केले.

पांढरा रंग तसाच दिला तर गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. याचे कारण अंतर आहे. प्रतिकृती आपण तीस सेंटिमीटरवरून पाहतो. चोविसाने गुणले तर ती सव्वासात मीटरवरून पाहिलेली खरी गाडी ठरते. तेवढ्या अंतरातली हवा आणि धूळ रंग थोडा विझवते. म्हणून पांढऱ्यात करड्याचा आणि पिवळ्याचा एकेक थेंब घातला.

मग चिखल. मॉडेलसाठी मिळणाऱ्या तयार भुकट्या वाळवंटाच्या असतात, पिवळसर. वऱ्हाडातली गाडी काळ्या मातीत फिरते. मी बोरगावच्या वाटेवरच्या शेतातली ओंजळभर माती आणली. माती थेट लावली तर एक दशांश मिलिमीटरचा कणही खऱ्या मापात अडीच मिलिमीटरचा खडा होतो. पण आपल्या कापसाच्या जमिनीत चिकणमातीचा अंश भरपूर आणि चिकणमातीचे कण दोन हजारांश मिलिमीटरहून लहान. माती पाण्यात ढवळली, वाळू तळाला बसू दिली, वरचे गढूळ पाणी ओतून घेतले आणि तेच सुकवले. काजळासारखी भुकटी मिळाली. पहिल्या वेळी तीही सुकून तडकली आणि खपल्या निघाल्या. ओलीने फुगायचे आणि सुकली की भेगाळायचे हा या मातीतल्या स्मेक्टाइट खनिजांचा स्वभाव. मे महिन्यात शेताला पडतात त्याच भेगा माझ्या चाकाच्या कमानीत पडल्या. पांढऱ्या गोंदाचे दोन थेंब घातल्यावर ती धरली.

पोचा

गाडी जवळजवळ झाली तेव्हा बाबांना दाखवली. त्यांनी ती हातात न घेता टेबलाच्या पातळीला डोळा आणून पाहिली.

“हे गाडी शोरूमातली हाये बाप्पा. माही नाई.”

“काय चुकलं बाबा? सांगा ना.”

“चालवलेली गाडी अशी उभी राह्यते काय? ड्रायव्हरकडून दबते ते. अन् मांगं जवान बसून बसून पाट्यायचा दम गेला होता.”

खरे होते. मी चारही चाके एका पातळीत बसवली होती. बोलेरोला मागे पाट्यांची स्प्रिंग असते आणि सात-आठ माणसे वर्षानुवर्षे बसली की तिचा बाक उतरतो. मागची बाजू दीड मिलिमीटर खाली घेतली, उजवीकडे अर्धा मिलिमीटर अधिक. एवढ्याने गाडी थकलेली दिसू लागली. चालकाच्या खिडकीची कड कोपराने झिजलेली, तीही केली.

राहिला तो मागच्या डाव्या कोपऱ्यातला पोचा. पोळ्याच्या फोटोत तो स्पष्ट दिसत होता. घरात सगळ्यांना त्याची गोष्ट माहीत होती: उभ्या गाडीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने ठोकले. फोटोवरून माप काढायला फोटोतच माहीत असलेली एखादी लांबी लागते. टायर २१५/७५ आर १५ म्हणजे बाहेरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. मागचे चाक आणि पोचा जवळजवळ एकाच पातळीत होते. चाकाची पट्टी करून मोजले. पोचा उभा होता, वीतभरही रुंद नाही आणि जमिनीपासून दोन फुटांच्या आत संपलेला. ट्रॉलीची कड याहून बरीच उंच असते आणि ती आडवा ओरखडा काढते. हा पोचा खाली रोवलेल्या दगडाचा होता आणि दगड चालून येत नाही. गाडी मागे गेली होती.

आराखड्यावर आकडे मांडलेले बाबांनी पाहिले.

“तुले पंचनामा कराले कोनं सांगतलं?” एवढे बोलून ते बाहेर जाऊन बसले.

रात्री जेवणानंतर त्यांनी आपणहून सांगितले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड असते. हजारो लोक गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरतात आणि रात्रभर चालत येऊन राजराजेश्वराला घालतात. जिल्ह्यातला तो मोठा बंदोबस्त. बाबा रविवारी संध्याकाळपासून गाडीवर होते. सोमवारी रात्री उशिरा सगळे पांगल्यावर गाडी वळवताना त्यांचा डोळा लागला आणि ती मागे रस्त्याकडेच्या दगडावर गेली. कुणाला लागले नाही. तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला लागलेला तो एकच धक्का आणि त्यांनी तो ट्रॉलीवर घातला.

“झोप आली होती रे,” ते म्हणाले. “उभ्यानं झोप आली होती.”

माझ्यापुढे प्रश्न होता. पोचा वगळला तर पोळ्याच्या दिवसाची गाडी खोटी. पोचा घातला तर तो दिवाणखान्यात कायमचा त्यांच्यासमोर राहणार. प्लास्टिकला पोचा पाडणे दोन मिनिटांचे काम आहे. गरम पाण्यात बुडवलेल्या चमच्याची दांडी दाबायची, झाले. मी चार दिवस ते केले नाही.

मग वहीतली पहिली ओळ आठवली. पोचा सोमवारी रात्रीचा. त्याच सोमवारी सकाळी ती गाडी अखंड होती. दिवा तोच, अक्षरे तीच, पाटी तीच, पाट्यांचा बाक तोच. फक्त तारीख सहा दिवस मागे घ्यायची. चाकाच्या कमानीतला चिखल मात्र कमी करावा लागला. पोळ्याच्या फोटोतला जाड थर काढून रात्रीच्या पावसाचे ताजे शिंतोडे तेवढे ठेवले. पोच्याचे माप माझ्या आराखड्यात आहे. ते तिथून खोडलेले नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी बाबांना वाचून दाखवला. ट्रॉलीच्या जागी त्यांनी हाताने ‘चालू दे’ अशी खूण केली. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, आता काय, असे म्हणाले.

गाडी काचेच्या पेटीत आहे. पेटीच्या तळाशी मी पट्टी लावली होती: प्रमाण १:२४. श्रावणातला शेवटचा सोमवार, २०१८. सकाळी सहा.

बाबांनी चष्मा लावून ती वाचली.

“सहा नाई. पावने सहा लिही. सहाले मी गाडी सोडून चहाले गेलो होतो.”

मी पट्टी बदलली.